ताशी पंधराच्या वेगानं आंबोली

मामांची अट एकच होती. "जनावर गाडीत यायचं न्हाई. डब्यात न्हाई, पिशवीत न्हाई, मेलेलं बी न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हटलं. धरायचा नव्हताच कुठला साप. मला फक्त चापडा बघायचा होता. मलबारी चापडा, जिवंत, त्याच्या जागेवर बसलेला. नाग, घोणस, मण्यार, धामण हे सगळं कोल्हापूरच्या आसपास उसात आणि लोकांच्या न्हाणीघरात बघून झालं होतं. चापडा मात्र फोटोतच. पश्चिम घाट सोडला तर तो जगात कुठेच नाही. त्यातही दिसायचा तो पावसाळ्यात, रात्री, झऱ्याकाठच्या फांदीवर नाहीतर खडकावर. दोन पावसाळे मी राधानगरीच्या बाजूला पायी बॅटऱ्या मारत फिरलो होतो. हाती काय लागलं म्हणाल तर जळवा, आणि त्याही हाताला कमी, पायाला जास्त.

म्हणून 2012 च्या जुलैत ठरवलं की आता गाडीनं शोधायचं. अमेरिकेतले सापवाले याला 'रोड क्रूझिंग' म्हणतात. रात्री गाडी काढायची, अगदी हळू चालवायची आणि डांबरावर काय आडवं येतंय ते बघायचं. सॅन डिएगोचे लॉरेन्स क्लॉबर हे वीज-गॅस कंपनीतले इंजिनिअर. त्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वाळवंटी रस्त्यांवर असेच रात्री गाडी फिरवून साप नोंदले आणि पुढे रॅटलस्नेक या शेपूट खुळखुळवणाऱ्या विषारी सापांवरचे मोठे जाणकार झाले. हे सगळं मी मामांना भक्तिभावानं सांगितलं. त्यांनी दोन मिनिटांत त्याचं मराठी करून टाकलं. "म्हंजे रस्ता चाळायचा."

मामांनी बावीस वर्षं मालट्रक चालवला होता. कोल्हापूर ते गोवा, जाताना साखर, येताना मिळेल ते. आंबोली घाट त्यांना झोपेत उतरता यायचा, आणि मामी म्हणायच्या की एकदोनदा ते तसे उतरलेही असतील. ट्रक सुटल्यावर त्यांनी एक ओम्नी घेतली होती आणि सकाळ-दुपार शाळेची पोरं ने-आण करत होते. पोरांना दोन दिवस दुसऱ्याच्या गाडीत बसवून ते माझ्याबरोबर निघाले, त्याला कारण साप नव्हते. त्यांना घाट बघायचा होता. बावीस वर्षांत घाटात थांबलोच नाही, असं म्हणाले.

शुक्रवार

दुपारी बाराला निघालो. निपाणी, उत्तूर, आजरा. आजऱ्याच्या अलीकडे खाचरांत रोपलावण चालली होती, बायका प्लास्टिकचे कागद पांघरून वाकलेल्या. तिथपर्यंत नुसती भुरभुर होती. आजरा मागे पडलं तसं एका वळणावर गाडी पावसात शिरली. 'पाऊस सुरू झाला' असं तिथे म्हणता येत नाही. तो तिथे आधीपासून असतो, आपण आत जातो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातएकशे मीटरवर आहे आणि वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस घेते. कोल्हापूरला जेवढा पडतो त्याच्या सहा-सात पट.

वाटेत मी विचारलं, "मामा, इतक्या वर्षांत घाटात साप किती दिसले?"

"साप? ट्रकातनं रस्ता दिसतोय, साप कसला दिसतोय. टायरला काय कळत असंल तेवढंच."

खोली एका काकींच्या घरी मिळाली. चादर ओली, उशी ओली, काडेपेटी तर पेटायचं नावच घेईना. आम्ही कशाला आलो ते कळल्यावर काकी कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "पावसात किरडवां बघूक इलात? घरात येतत ती पुरी नाय तुमका?" तरी आठ वाजता गरम भात आणि कुळथाची पिठी वाढली. मामांनी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आठवण काढली नाही, पण चेहऱ्यावर ती होती.

साडेआठला बेळगावच्या रस्त्याला लागलो, नांगरतासच्या दिशेनं. पद्धत अशी की वेग ताशी पंधरा, फार तर वीस. दिवे खाली, काच उघडी, वायपर चालू. डावी बाजू माझी, उजवी मामांची. तासाला पंधरा म्हणजे सेकंदाला चार मीटर. दिव्याच्या टप्प्यात काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत हाताशी जेमतेम पाच-सहा सेकंद राहतात. डोळ्यांनी 'साप' शोधायचा नसतो. डांबराची जी एकसारखी पोत असते ती कुठे मोडली एवढंच बघायचं. अर्थात ती शंभर ठिकाणी मोडलेली असते. पहिल्या तासात आम्ही चौदा वेळा थांबलो. सुतळी. टायरची निघालेली साल. वाळकी फांदी. पुन्हा टायरची साल. कुणाची तरी चप्पल, तिचा पट्टा बरोब्बर सापासारखा वळलेला. एकदा तर मामांनी करकचून ब्रेक मारला आणि मी उडी टाकून धावलो, तर मोटरसायकलवरून पडलेली सामान बांधायची रबरी दोरी. मामांनी ती घडी करून डॅशबोर्डमध्ये ठेवली. "चार दिवसांत दुकान निघंल आपलं."

क्लॉबर यांचं वाळवंट आणि आमची आंबोली यांत एक फरक आहे तो इथे सांगून टाकतो. तिकडे दिवसभर तापलेलं डांबर सूर्य बुडाल्यावरही ऊब धरून असतं आणि थंड रक्ताची जनावरं त्या उबेला येतात. आंबोलीच्या जुलैत डांबर दिवसाही तापत नाही. इथे रस्त्यावर येतात ती बेडकं, किडे, गांडुळं, आणि त्यांच्यामागून साप. काही साप तर रस्ता रस्ता म्हणून येतच नाहीत. त्यांना पलीकडे जायचं असतं आणि मध्ये आपण डांबर ओतून ठेवलेलं असतं.

दहाच्या सुमारास निळसर-जांभळट, करंगळीएवढं काहीतरी वळवळताना दिसलं. मी गुडघ्यावर बसलो. गांडूळ म्हणावं तर ते पुढच्या टोकाला तोंड उघडत होतं. देवगांडूळ! बेडकांसारखाच उभयचर, पण पाय नसलेला प्राणी, जन्मभर मातीत राहणारा. यांतली एक जात आंबोलीतूनच 2003 मध्ये शास्त्राला कळली आणि तिला निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलं गेलं. माझ्यासमोरचं तेच का दुसरं, ते छातीठोक सांगण्याइतकं मला कळत नव्हतं, आजही कळत नाही. मामांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यासाठी अमेरिकेतली लोकं पेट्रोल जाळत्यात?"

एकला परत आलो. वहीत त्या रात्रीची नोंद आहे: जिवंत साप एक, कवड्या, रस्त्याकडेच्या दगडी बांधावर. मेलेले चार. दोन नानेट्या, एक हरणटोळ, एक ओळखण्यापलीकडे गेलेला. हरणटोळ दिवसाच गेला असावा. त्याचा हिरवा रंग पावसात तसाच राहिला होता, फक्त जाडी गेली होती. बेडकांचा आकडा मी सुरुवातीला लिहीत होतो, पुढे त्या रकान्यात नुसती रेघ आहे.

शनिवार

गटारी पाच दिवसांवर होती. त्यामुळे शनिवारी सकाळी अकरापासून घाटातल्या धबधब्याकडे गाड्यांची जी रांग लागली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. भिजलेली पोरं, भाजलेली कणसं, डिकी उघडून लावलेली गाणी. मी नाक मुरडलं, मामांनी मात्र खाली उतरून दोन कणसं घेतली आणि तासभर कठड्याला टेकून धबधबा बघत बसले. बावीस वर्षं तो त्यांच्या आरशात होता.

दुपारी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते, समोर कुंड, त्यात मासे. पाण्यात हात घालून बसलो होतो आणि तळाशी बारके, पट्ट्यापट्ट्यांचे मासे बोटांभोवती फिरत होते. पुढे 2020 मध्ये याच कुंडातल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' अशी नवी जात जाहीर झाली आणि 2021 मध्ये ती जागा राज्य सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. म्हणजे मी ज्यांना लोच, तळाशी राहणारे साधे बारके मासे, म्हणून सोडून दिलं होतं ते तेच असावेत. सापाच्या मागे लागलं की असं होतं, बाकीचं जग पार्श्वभूमी होऊन जातं.

रात्री मुख्य रस्त्यावर परतणाऱ्या गाड्यांची वर्दळ होती म्हणून चौकुळचा रस्ता धरला. धुकं असं की समोर कुणीतरी धोतर वाळत घातलंय. मोठे दिवे लावले की भिंत, खालचे लावले की जेमतेम पाच-सात हात रस्ता. मामा दहाच्या वेगावर आले. कुठेतरी झाडावरून उडता बेडूक ओरडत होता, मलबारी, तो टक-टक असा. एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला त्यांचं फेसाचं घरटं लोंबत होतं, कुणी साबणाचा फेस फासून ठेवावा तसं. त्यात अंडी असतात. पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात टपकतात.

सव्वानऊला आम्ही एका वळणावरून पुढे गेलो. गावापर्यंत जाऊन, चहा न मिळून, परतलो. साडेदहाला त्याच वळणावर मामांनी गाडी थांबवली आणि काही बोलले नाहीत.

तो चापडा होता. ओळखायला एक क्षणही लागला नाही, इतके फोटो मी बघितले होते. त्रिकोणी रुंद डोकं, बारीक मान, उभी बाहुली, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये ते उष्णता ओळखणारं छिद्र. अंग हळदी-तपकिरी, त्यावर गडद चट्टे. हिरव्यापासून निळसर, पिवळ्या, तपकिरी, नारिंगीपर्यंत वाटेल त्या रंगात हा साप सापडतो आणि मी गेली दोन वर्षं हिरव्याची स्वप्नं बघत होतो. मानेपासून चार बोटं खाली चाक गेलं होतं. शेपटी अजून वळत होती, हळूहळू, काहीतरी धरू बघत होती. झाडावर राहणाऱ्या सापाची शेपटी ती. फांदीच शोधणार.

मेलेल्या माणसाला हात लावला तर किती वेळ झाला याचा अंदाज येतो. सापाचं अंग आधीपासूनच गार असतं, त्यामुळे हाताला काही कळत नाही. रक्त असेल तर पावसानं धुतलेलं. मधल्या सव्वा तासात एक मोटरसायकल आणि एक जीप आम्हाला ओलांडून गेली होती, आणि आम्ही.

मामांनी बॅटरी घेतली आणि ओम्नीच्या चारही टायरांवर मारली. ओले, काळे, स्वच्छ.

"जीप गेली होती की, मामा."

"जीप बी गेली. आपण बी गेलो."

मी छत्रीच्या दांड्यानं त्याला उचलून गवतात ठेवलं. मेलेल्या विषारी सापाच्या तोंडाजवळ हात न्यायचा नसतो, डोकं बराच वेळ चावू शकतं. फोटो काढला नाही. ज्याच्यासाठी दोन वर्षं फिरलो त्याचा पहिला फोटो असा नको, इतकाच तेव्हा विचार होता. आता वाटतं, काढायला हवा होता. कुठल्या रस्त्यावर कुठला साप कधी मेला याची नोंद उपयोगाची असते, आणि वहीतली माझी ओळ एवढीच आहे: 'चापडा. मेलेला. 10:30.'

रविवार

सकाळी उठलो तर भर पावसात मामा बादली घेऊन गाडीचे टायर धूत होते. "चिखल बसलाय," म्हणाले.

दिवसभर वीज नव्हती. पावसाचा आवाज इतका की काकींना मोठ्यानं बोलावं लागत होतं. मी पडून राहिलो, परत जावं का असा विचार करत. दुपारी काकींच्या शेजारचे एक म्हातारे काका ओसरीवर येऊन बसले, खांद्याला बॅटरी, हातात पिशवी. ते रात्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात, खेकडे पकडायला जात. चापडा म्हटल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही.

"चापडो? तो खय जाता? बसता थयच बसता. आज बघलास तर चार दिसांनीय थयच गावतलो. पण गाडयेत बसान कसो दिसतलो तुमका?"

मी म्हटलं, मग कुठे बघू?

"व्हाळाच्या वर. मोरयेर बघा. भेकी थय येतत."

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी ठाऊक नव्हतं. चापडा पाठलाग करणारा साप नाही. बेडूक, पाल, सरडा, उंदीर जिथून जाईल अशी जागा धरून तो दिवसच्या दिवस बसून राहतो. म्हणजे रस्त्यावर येणारे साप गाळून घ्यायची आमची चाळणी अशी होती की जो साप रस्त्यावर सहसा येतच नाही तो तिच्यात पडणार कसा? पडला तोही असा पडला.

संध्याकाळी मामा म्हणाले, "आज तू पुढं चाल. मी मागनं येतो."

त्या रात्री बैलगाडीपुढे माणूस चालावा तसा मी बॅटरी घेऊन पुढे आणि मामा पहिल्या गिअरात मागे. क्लच जळायचा वास येत होता. दोन तासांत तीन किलोमीटर. मी रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्यांचे कठडे, चर, दरडीवरची झुडपं बघत होतो. मामा रस्ता बघत होते. थोड्या वेळानं मागे वळलो तर गाडी लांब थांबलेली आणि मामा खाली वाकलेले. त्यांनी एक बेडकी रुमालात धरली आणि कडेला सोडली. मग दुसरी. गुडघा दुखायचा त्यांचा, प्रत्येक वेळी उठताना "आई गं" म्हणायचे, पण एकही सोडत नव्हते. एक खापरखवल्या साप दिसला, पेन्सिलीएवढ्या जाडीचा, बॅटरीच्या उजेडात अंगावर तेलाचे रंग फिरत होते. शेपूट अशी की कुणीतरी तिरकी तासून टाकली आहे. तो दगडाखाली शिरेपर्यंत मामा गाडीपुढे उभे राहिले.

चापडा नाहीच. पण त्या रात्री कंटाळा आला नाही, असं वहीत आहे.

सोमवार

गर्दी गेली. शनिवार-रविवारचे रिकामे कागदी ग्लास तेवढे चरांतून वाहत होते. दिवसा सड्यावर गेलो. जांभ्याच्या त्या उघड्या पठारावर आंबोलीचा भेक, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, असतो, 2009 मध्ये नाव मिळालेला, अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे. जगात या परिसराबाहेर तो कुठेच नाही. एक दिसला, अंगठ्याएवढा, आणि मी त्याला दोन मिनिटंच दिली. आज त्याची लाज वाटते.

पाऊस संध्याकाळी उतरला आणि नुसती भुरभुर राहिली. धुकं नाही, वारा नाही. मुख्य रस्ता रिकामा. नऊला निघालो. नेमकं कुठे ते लिहिणार नाही. बेळगावच्या रस्त्यावर, एका मोरीवर, एवढं पुरे. तेव्हाही फोटोवाले जागेचा पत्ता लागला की काठीनं साप उचलून हव्या त्या फांदीवर ठेवत. आता तर फोटोतच अक्षांश-रेखांश जातात.

दहा वाजून काही मिनिटं. मामांना रस्त्याच्या मधोमध भेक दिसला. गाडी थांबवून उतरले, त्याला रुमालात घेतलं, कडेला गेले, मोरीच्या कठड्यापलीकडे सोडलं आणि उठताना आधाराला कठड्यावर डावा हात टेकला. मी बॅटरी धरून मागे होतो. कठडा शेवाळानं मखमलीसारखा झालेला. मामांच्या हातापासून वीतभर अंतरावर ते शेवाळ जरा जास्तच जाड होतं. त्याला कडा होती. कडेला खवले होते.

"मामा. हात हलवू नका."

बावीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. 'काय झालं' असं विचारलं नाही, मान वळवली नाही. थिजले.

"आता उचला. सरळ वर. हळू."

हात वर गेला. चापडा हललासुद्धा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो नंतर. आधी डोक्यात हिशेब सुरू झाला: आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस चार सापांच्या विषावर बनते, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापडा त्यात नाही. त्याच्या दंशानं माणूस मरणं अगदी क्वचितच, पण हात कोपरापर्यंत सुजतो, वेदना भयंकर. सावंतवाडी तीसेक किलोमीटर, तेही घाट उतरून, आणि गाडी चालवणारा माणूस एकच, ज्याचा तो हात. हा सगळा हिशेब मी आंबोलीला निघण्याआधी करायला हवा होता.

मामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. हाताचा तळवा पँटला पुसला. "कुठाय?"

दिसत नव्हता त्यांना. मी बॅटरीचा गोल फिरवून दाखवला, तेव्हा एकदम म्हणाले, "आयला."

शेवाळी हिरवा, त्यावर तपकिरी चट्टे, मध्ये मध्ये पिवळट ठिपके. दोन वेटोळी, वर डोकं, तोंड किंचित खाली झुकवलेलं, मोरीखालच्या पाण्याकडे. हात-सव्वा हात लांबी असेल. डोळा सोनेरी आणि त्यात उभी चीर. जीभ क्वचितच बाहेर येई, आली की संथ, वर-खाली. आम्ही दोन पावलं मागे सरून रस्त्याच्या कडेला बसलो. मी बॅटरीवर रुमाल गुंडाळला, उजेड मंद केला.

तासभर काहीही झालं नाही. एक छोटी बेडकी कठड्यावर चढली, त्याच्यापासून दीड हातावर बसली, घसा फुगवला आणि दुसरीकडे उडी मारून गेली. त्याचं डोकं तिच्या दिशेनं अगदी सूतभर वळलं होतं, तसंच राहिलं. पावसाचे थेंब त्याच्या वेटोळ्यांच्या खाचेत साचत होते. मग त्यानं डोकं वाकवलं आणि स्वतःच्याच अंगावरचं पाणी प्यायला. जबडा बारीक हलत होता. मी हे कुठे वाचलं नव्हतं तेव्हा. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मीच प्यायलो.

कॅमेऱ्याची काच आतून धुरकटली होती. साठेक फोटो काढले. घरी जाऊन बघितलं तर एकोणसाठ धुक्याचे, आणि एकात मामांचा बूट स्पष्ट आहे.

"ह्या मोरीवरनं मी किती वेळा गेलो असंन?" मामांनी मध्येच विचारलं. मग स्वतःच बोटं मोजायला लागले, महिन्याला आठ खेपा, पावसाळ्याचे चार महिने. पुढे मोजलं नाही.

साडेअकराच्या पुढे कधीतरी त्यानं वेटोळं सोडलं. का, कोण जाणे. खेकडेवाले काका म्हणाले होते चार दिवस हलत नाही. आमचा उजेड त्याला नको झाला असावा, आणि तसं असेल तर तो आमचाच दोष. तो कठड्यावरून खाली ओघळला, गटाराच्या दगडावर थांबला आणि मग डांबरावर उतरला. ओम्नीच्या दिव्यांपुढे, सात-आठ हातांवर. मारुती स्तोत्र दोनदा म्हणून होईल इतक्या वेळात तो हातभर सरकला असेल.

तेव्हाच बेळगावकडून उजेड आला.

मामा पळाले. गुडघ्याचा तो माणूस बॅटरी डोक्यावर ओवाळत गाडीच्या मागे पन्नास पावलं पळाला. भाजीचा टेम्पो होता, सावंतवाडीकडे निघालेला. ब्रेक किंचाळले, टेम्पो थांबला. मी सापाच्या बाजूला बॅटरी खाली वळवून उभा. तो रस्त्याच्या बरोब्बर मधोमध होता.

"काय झालंय ओ?" ड्रायव्हर उतरला. मागून क्लीनर.

साप म्हटलं असतं तर त्यातल्या एकानं तरी दगड उचलला असता. मामांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं.

"बंद पडलीय."

"काय बघायचं काय मग?"

"थांबा वो, जरा गार होऊ दे." आणि मग मामा बोलत सुटले. टेम्पोत माल काय, कोबी का फ्लॉवर, बेळगावात भाव काय, ही गाडी कितीची घेतली, लाईनर बदलले का. ड्रायव्हर उत्तरं देत होता आणि ओम्नीकडे यायला बघत होता, मामा त्याच्या वाटेत उभे राहत होते. आयुष्यभर रस्त्यात बंद पडलेल्यांसाठी थांबलेला माणूस, भर रात्री आपल्याच बिरादरीतल्याला फसवत होता, आणि आवाजात ते कळत होतं, निदान मला.

शेपटी डांबरावरून गवतात जायला अजून दोन मिनिटं लागली. गेली. गवताचं पातं हललं, थांबलं. मी बॅटरी दोनदा उघडझाप केली.

"हां, आता होईल सुरू," मामा म्हणाले.

"कशी होईल? बसा ओ मामा तुम्ही. ढकलतो आम्ही."

"नको नको, होईल—"

"बसा की ओ!"

मामा बसले. इंजिन चांगलं गरम होतं, नुसती किल्ली फिरवायची होती, पण आता ते सांगायची सोय नव्हती. ड्रायव्हर, क्लीनर आणि मी, तिघांनी मागून खांदे लावले. ओल्या रस्त्यावर चपला घसरत होत्या. आतून मामांचा चेहरा आरशात दिसत होता, ज्याला लहानपणी चोरी करताना पकडलंय तसा.

"दुसऱ्यात टाका ओ! क्लच सोडा!"

गाडी एक धक्का देऊन सुरू झाली. ड्रायव्हर धापा टाकत खिडकीशी आला. बॅटरी बदलून घ्या म्हणाला. मामांनी त्याला डॅशबोर्डमधली ती रबरी दोरी दिली, सामान बांधायला. त्यानं घेतली.

निघताना टेम्पोत चढता चढता क्लीनर ओरडला, "आणि रात्रीचं हितं मोरीवर थांबू नका ओ मामा. साप असतात."

"असतात व्हय?" मामा म्हणाले.